मदत हवी आहे: डीप पर्पल या रॉक बँडच्या 'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरुवात रेकॉर्डसारखी वाजत नाही

नवखा_वादक:
अकूस्टिक गिटार, स्टीलच्या तारा. सर्वात जाड तारेवर ०-३-५, ०-३-६-५, ०-३-५-३-० वाजवतोय (आकडे म्हणजे फ्रेट, मानेवरच्या पट्ट्या; ० म्हणजे मोकळी तार). चाल ओळखू येते, पण पोकळ वाटते. रेकॉर्डबरोबर वाजवलं की बेसूर, आणि दुसऱ्या तुकड्यात ठेका सुटतो. काय चुकतंय?

चौथी_तार:
जाड तारेवर तुमचा सा 'ई' होतो; गाणं आहे जी मायनरमध्ये, म्हणजे सा 'जी' हवा. म्हणून बेसूर. आकडे तेच ठेवा, पण बारीक तारेपासून मोजून चौथी (डी) आणि तिसरी (जी) तार एकदम वाजवा. दोन सुरांत सा-म अंतर येतं, पोकळपणा जातो.

३ वर तर्जनी दोन्ही तारांवर आडवी, ५ वर अनामिका आडवी, ६ ला तीच अनामिका सरकवा. आडवं बोट तारा खाली ओढत असेल तर सूर चढतो, तेव्हा सरळ दाबा. तर्जनीचं टोक पाचव्या तारेला नुसतं टेकवा, नाहीतर ती घुमत राहते.

पिक (तार छेडायची चकती) बाजूला ठेवा. पिक आधी एक तार छेडतं, मग दुसरी. डीप पर्पलचा मूळ गिटारवादक रिची ब्लॅकमोर हे बोटांनी वाजवतो. तुम्ही अंगठा चौथीवर, तर्जनी तिसरीवर ठेवून दोन्ही एकदम खेचा.

मात्रामोजणी:
ठेका सुटतो कारण दुसऱ्या तुकड्याचा पहिला सूर समेवर नाही, आधीच्या ओळीतल्या ४ नंतरच्या 'आ'वर आहे. 'आ' म्हणजे 'आणि', '–' म्हणजे नवा सूर छेडायचा नाही:

१ आ २ आ ३ आ ४ आ
० – ३ – ५ – – ०
– ३ – ६ ५ – – –
० – ३ – ५ – – ३
– ० – – – – – –

दुसऱ्या ओळीच्या समेवर हात गप्प, पाय मात्र आपटायचाच. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा; मूळ लय साधारण ११२ आहे. आधी नुसत्या टाळ्या वाजवा, गिटार नंतर.

पेटी शिकलेल्यांसाठी: सा, कोमल ग, म, सा, कोमल ग, तीव्र म, म. दोन्ही मध्यम लागोपाठ, सगळी गंमत तिथेच.

नवखा_वादक:
टाळ्यांनी जमलं! ध्रुवपदाला काय धरू?

चौथी_तार:
पॉवर कॉर्ड (दोन सूर एकदम): सी (पाचवी तार, ३ रा फ्रेट), मग ए-फ्लॅट (सहावी तार, ४ था), तिथून एक फ्रेट मागे जी. तिन्हींचा हाताचा आकार एकच: तर्जनी मूळ सुरावर, अनामिका शेजारच्या बारीक तारेवर दोन फ्रेट पुढे.