मदत हवी आहे : बेशुद्ध रुग्णाची संमती कशी घ्यायची?

नमस्कार मंडळी. मी इमर्जन्सी विभागात काम करतो. अपघातातल्या रक्तस्रावावरच्या एका बहुदेशीय अभ्यासात आमचा विभाग सहभागी होतोय आणि एथिक्स कमिटीपुढे मांडायचा मसुदा माझ्या गळ्यात पडलाय.

घोडं अडलंय ते संमतीपाशी. २०१०च्या क्रॅश-२ अभ्यासात ४० देशांतले २० हजारांवर रुग्ण होते. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड या रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाने मृत्यू कमी झाले, पण पुढच्या विश्लेषणात दिसलं की इजा झाल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तरच फायदा. उशिरा दिल्यास उलट धोका. म्हणजे नातेवाईक येईपर्यंत थांबायचं, तर औषधाची वेळच निघून जाते. रुग्ण स्ट्रेचरवर बेशुद्ध, सोबत कुणी तरी अनोळखी वाटसरू. सही कुणाची घ्यायची?

आधी उपचार, मग संमती, हा मार्ग हेलसिंकी जाहीरनाम्याला (माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची जागतिक नैतिक तत्त्वं) काही अटींवर मान्य आहे. पण प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, आणि प्रायोजकाने पाठवलेला फॉर्म सगळ्यांना एकच. (तोही भलामोठा. अशा वेळी तो वाचणार कोण!)

ज्यांनी असे अभ्यास केलेत त्यांना विचारतो : नातेवाइकांनी नंतर नकार दिला, तर तोवर गोळा झालेल्या माहितीचं काय करता? संमतीआधीच रुग्ण दगावला, तर घरच्यांशी कोण बोलतं, आणि कधी? इजेची नेमकी वेळ कुणालाच ठाऊक नसेल तर नोंद कशी करता?

मसुद्याचा नमुना असेल तर नावं झाकून पाठवा, फार उपकार होतील.