मदत हवी आहे: पाऊस उघडला तरी छत्रीचा सिग्नल येत नाही, कनेक्टर कोणता टिकतो?

नमस्कार मंडळी,

गाव अहमदपूर तालुक्यातलं, जि. लातूर. गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री आहे, तोंड आग्नेयेला, जीसॅट-१५ उपग्रहाकडं. तिथून बैठकीतल्या टीव्हीपर्यंत आरजी-६ वायर (डिशची जाड गोल वायर, मधे एक तार, भोवती धातूची जाळी).

जोराच्या पावसात चित्र जातं, त्याचं काही नाही, ते सगळ्यांचंच जातं. पण आमच्याकडं आभाळ निवळल्यावरही ‘नो सिग्नल’ तसाच. दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं तापलं की आपोआप चालू! मेकॅनिक येतो, छत्री जराशी हलवतो, पैसे घेतो. अहो, छत्री सरकली असती तर उन्हानं जाग्यावर कशी आली असती?

मला शंका जोडांची आहे. एलएनबीला (छत्रीपुढं दांडीवर बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) हातानं पिळून बसवायचे कनेक्टर आहेत. वायर सोलली, पिळली, झालं. अवजार लागत नाही. शिवाय कठड्यापाशी वानरांनी वायर तोडली होती, तिथं जोड देऊन वर नुसती चिकटपट्टी गुंडाळली आहे.

दाबून बसवायचे कॉम्प्रेशन कनेक्टर खरंच जास्त टिकतात का? त्याची पकड वेगळी घ्यावी लागते, एवढ्याशा कामाला परवडेल का? दुसरं, आजीच्या खोलीत टीव्ही लावायचाय. दुकानदारानं स्प्लिटर (एका वायरीचे दोन फाटे करणारा) दिलाय, त्यावर ५-१००० मेगाहर्ट्झ छापलंय. चालेल का?

उदगीरकर:
शंका बरोबर आहे भाऊ. या कनेक्टरमध्ये वायरची मधली तारच पिन असते. पाणी शिरलं की ती काळी पडते, जाळी गंजते. टीव्हीजवळच्या सेट-टॉप बॉक्सकडून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट याच वायरीतून जातात, म्हणून आधी बॉक्सचा प्लग काढा, मग कनेक्टर उघडा. हिरवट-काळं दिसलं तर कोरडी, चकचकीत जाळी लागेपर्यंत वायर मागं कापा. कठड्यापाशचा जोड ठेवूच नका, सलग वायर टाका.

उघड्यावर कॉम्प्रेशनच. पकड विकत घेऊ नका, सीसीटीव्ही बसवणाऱ्या पोरांकडं असते. घरात पिळायचे चालतात. साधी चिकटपट्टी आपल्या उन्हाळ्यात डिंक सोडते. स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. आणि एलएनबीखाली वायरीला झोळ द्या, पाणी तिथूनच टपकेल.

स्प्लिटर परत करा. तो केबलवाल्यांचा आहे. एलएनबीकडून सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये येतो. दोन आउटपुटचा एलएनबी घ्या, दोन्ही बॉक्सला वेगळी वायर.

धागाकर्ता:
आभारी आहे दादा. आजीच्या खोलीपर्यंत ३० मीटर वायर लागेल. सिग्नल वाढवणारा बूस्टर घ्यावा का?

उदगीरकर:
३० मीटरला कशाला? चांगली आरजी-६ घ्या, बास. दुकानदार बूस्टर दाखवेलच, घेऊ नका.