मदत हवी आहे: नाताळात लेक एकटी, प्राग की व्हिएन्ना?

मुलगी जर्मनीत लाइपझिगला शिकते. नाताळात हॉस्टेल रिकामं होतं, २५ आणि २६ डिसेंबरला दुकानंही बंद. आत्तापासूनच फोनवर रडवेली होते. त्या दिवसांत तिने खोलीत एकटं बसू नये, एवढंच वाटतं.

ठाण्याला यायचं तिकीट परवडत नाही. लंडनला मावसभाऊ आहे, पण ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, म्हणून तो विचार सोडला. तिचा जर्मनीचा निवास परवाना चालू आहे, त्यामुळे शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) फिरायला अडचण नाही. ट्रेनने जाईल, शाकाहारी आहे, फक्त मुलींच्या डॉर्ममध्ये राहील.

तिकडे नाताळ काढलेल्यांनी कृपया सांगा: एकट्या मुलीला त्या दोन दिवसांत माणसांत राहता येईल आणि जेवण मिळेल, असं प्राग बरं की व्हिएन्ना? तिथली मराठी मंडळी तेव्हा एकत्र जमतात का?