विषय: नियमपत्रिकेतला ‘मंकडिंग’ हा शब्द

सप्रेम नमस्कार,

मंडळाच्या उन्हाळी क्रिकेट सामन्यांच्या नियमपत्रिकेचा मसुदा काल सर्वांना पाठवला आहे. त्यातील नवव्या कलमात ‘मंकडिंगला परवानगी नाही’ असे वाक्य आहे. ते वाचून माझ्या चौदा वर्षांच्या मुलीने विचारले, की मंकड कोण होते आणि त्यांनी असे काय वाईट केले होते? मला नीट उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

– क्रीडा समितीच्या वतीने

---

ताई, सप्रेम नमस्कार,

मुलीचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि सिडनीत राहणाऱ्या आपल्या मंडळींना त्याचे उत्तर ठाऊक असलेच पाहिजे, कारण हा शब्द आपल्याच सिडनी क्रिकेट ग्राउंडवरील प्रसंगांतून जन्मला.

स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांतच लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ ऑस्ट्रेलियात आला. नोव्हेंबर 1947 मध्ये याच मैदानावर ऑस्ट्रेलियन इलेव्हनविरुद्ध, म्हणजे ज्या सामन्यात ब्रॅडमन यांनी आपले शंभरावे प्रथम श्रेणी शतक पूर्ण केले त्याच सामन्यात, विनू मंकड गोलंदाजी करत असताना गोलंदाजाच्या टोकाला उभे असलेले फलंदाज (नॉन-स्ट्रायकर) बिल ब्राऊन चेंडू सुटण्याआधीच क्रीज सोडून पुढे सरकत होते. मंकड यांनी त्यांना आधी ताकीद दिली आणि ब्राऊन पुन्हा बाहेर पडल्यावर बेल्स उडवून त्यांना बाद केले. पुढे 13 डिसेंबरला दुसऱ्या कसोटीत ब्राऊन 18 धावांवर असताना तेच घडले, मात्र या वेळी वेगळी ताकीद दिली गेली नाही. (आपल्या कोल्हापूरच्या दत्तू फडकर यांनी पदार्पणात अर्धशतक केले, ती हीच कसोटी.) ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांतून मंकड यांच्या खिलाडूवृत्तीवर टीका झाली आणि त्यांचे आडनाव या कृतीला कायमचे चिकटले. ब्रॅडमन यांनी मात्र पुढे आपल्या आत्मचरित्रात मंकड यांची बाजू स्पष्टपणे घेतली. नियम तसाच आहे आणि फलंदाज आधी निघून अवाजवी फायदा घेत असेल तर दोष गोलंदाजाचा कसा, हा त्यांचा मुद्दा होता. ब्रॅडमन त्या सामन्यातले प्रतिस्पर्धी कर्णधार होते, म्हणून त्यांच्या या मताला मी फार महत्त्व देतो.

अशा रीतीने बाद करण्याची सुरुवात मंकड यांनी केलेली नाही; इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकातही असे फलंदाज बाद झाले होते. मंकड यांच्या नावावर याहून कितीतरी मोठ्या गोष्टी आहेत. 1952 साली लॉर्ड्सवर त्यांनी 72 आणि 184 धावा केल्या आणि त्याच कसोटीत एका डावात 73 षटके टाकून पाच बळी घेतले. 1956 साली मद्रासला पंकज रॉय यांच्यासोबत त्यांनी रचलेली 413 धावांची सलामी 2008 पर्यंत अभेद्य राहिली. अशा खेळाडूचे नाव आपण नियमपत्रिकेत एखाद्या गैरकृत्याचे नाव म्हणून छापावे, हे मनाला पटत नाही. सुनील गावसकर यांनीही या शब्दावर वेळोवेळी जाहीर आक्षेप घेतला आहे.

शिवाय मराठीला या शब्दाची गरजच नाही. त्रिफळाचीत, यष्टिचीत, पायचीत, धावचीत या शब्दांतला ‘चीत’ आपण कुस्तीच्या आखाड्यातून उचलला आहे. पाठ जमिनीला टेकली की पैलवान चीत होतो, त्यात लबाडीचा वास नसतो. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसी या इंग्लंडमधील क्लबनेही 2022 च्या ऑक्टोबरपासून हे कलम ‘अनुचित खेळ’ या 41 व्या नियमातून काढून धावचीतच्या 38 व्या नियमात घातले आहे. त्या वेळी इंग्रजीत जो बदल कागदोपत्री झाला, तो अर्थ आपल्या ‘धावचीत’ या शब्दात आधीपासूनच होता. तेव्हा नवव्या कलमातला तो शब्द काढावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
जुना स्कोअरर

---

काका, सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. मुलीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना मी ते मोठ्याने वाचून दाखवले. समितीने नववे कलम असे बदलायचे ठरवले आहे:

‘चेंडू ज्या क्षणी सुटणे सर्वसाधारणपणे अपेक्षित असते, त्याआधी नॉन-स्ट्रायकर क्रीजबाहेर असल्यास गोलंदाज त्याला धावचीत करू शकेल. बारा वर्षांखालील गटात प्रत्येक संघाला एकदा ताकीद दिली जाईल.’

गुणपुस्तिकेत नोंद कशी करायची?

---

ताई, फलंदाजाच्या नावापुढे ‘धावचीत’ आणि कंसात गोलंदाजाचे नाव लिहावे. 1947 च्या धावफलकावर ब्राऊन यांच्या नावापुढेही ‘धावचीत’ हीच नोंद आहे.