पोर्तुगालचा एर्ग-त पक्ष : मतं नगण्य, पण बाणा बघा!

सह्याद्रीचा_वाघ (धागाकर्ता)
पोर्तुगालमधल्या एर्ग-त पक्षाबद्दल वाचलं. नावाचा अर्थच ‘ऊठ!’. वीस-पंचवीस वर्षं निवडणुकीत आपटतात, पण एकच गोष्ट न लाजता बोलतात : पोर्तुगाल पोर्तुगीजांचा. आपल्याकडे ‘महाराष्ट्र मराठी माणसाचा’ म्हटलं की लगेच संकुचित! शिकण्यासारखं आहे. मतं मांडा.

लिस्बनकर_नाना
मांडतो. मी गोव्यातल्या फोंड्याचा, अकरा वर्षं लिस्बनला आहे. ‘शिकण्यासारखं’ वाचून हातातला चहा निवला.

वाघोबा, त्यांनी पक्ष स्वतः उभासुद्धा केला नाही. १९८५ साली १८ टक्के मतं आणि ४५ जागा मिळवलेला पीआरडी नावाचा मध्यममार्गी पक्ष होता. पुढे तो कर्जात बुडून नावापुरता उरला. नवा पक्ष नोंदवायचा तर हजारो सह्या गोळा करा. त्यापेक्षा या मंडळींनी ती बंद पडलेली गाडी कर्जासकट ताब्यात घेतली आणि २००० साली नंबरप्लेट बदलली. नवं नाव पार्तिदु नासिओनाल रेनोव्हादोर. २०२० मध्ये पुन्हा रंग मारून एर्ग-त. बाणा कसला, सेकंडहँड आरसी बुक!

२००७ मध्ये यांनी मार्केस द पोंबाल चौकात फलक लावला. अध्यक्ष पिंतु कुएल्यूंचा फोटो, उडणारं विमान, आणि मजकूर असा की स्थलांतर पुरे, प्रवास सुखाचा होवो. शेजारीच तिथल्या विनोदी कलाकारांच्या टोळीने दुसरा फलक ठोकला : स्थलांतरित आणखी येऊ द्या, परक्याला पिडायचं तर त्याला पोर्तुगालमध्येच राहायला लावा. पोट धरून हसले लोक.

आता हसत नाहीत. २५ एप्रिल २०२५ ला, म्हणजे हुकूमशहा सालाझारने उभी केलेली राजवट उलथल्याच्या वाढदिवशी, यांचा बेत काय होता? लिस्बनच्या मार्तिम मोनिझ चौकात जाऊन अख्खं डुक्कर भाजायचं. का, तर तिथे बांगलादेशी मुसलमानांची दुकानं आहेत. परवानगी नाकारली तरी जवळपास जमलेच. मारामारी झाली, आणि पक्षाचा नवा अध्यक्ष, जो स्वतः २०२१ मध्ये बडतर्फ झालेला न्यायाधीश, त्याला पोलिसांनी उचलला.

मी कोथिंबीर आणि कढीपत्ता त्याच भागात घेतो, बेनफोर्मोझो गल्लीत.

तिरकस_पुणेरी
अवांतर : डुक्कर भाजून गोवेकराला घाबरवणार? सोरपोतेलसाठी (डुकराच्या मटणाचा गोव्याचा रस्सा) भांडी घेऊन रांगेत उभे राहतील.

मुद्द्याचं : नाना, २०२२ ला या पक्षाला पाचेक हजार मतं पडली. ०.१ टक्का. आमच्याकडे नगरसेवकाच्या निवडणुकीत पडलेला उमेदवार यापेक्षा जास्त घेतो. इतका संताप कशाला? २००७ मध्येच तिथल्या सरकारी टीव्हीवर ‘सर्वांत थोर पोर्तुगीज’ निवडायचा कौल झाला, त्यात सालाझार पहिला आला. तरी या लोकांना कुणी मतं दिली नाहीत. लोक टीव्हीला मत देतात आणि घरी जाऊन झोपतात.

लिस्बनकर_नाना
अर्धं बरोबर. त्यांना मतं दिली नाहीत कारण ओरडणारा गबाळा होता. २०१९ मध्ये आंद्रे व्हेंतुराने ‘शेगा’ पक्ष काढला (अर्थ ‘पुरे!’, शेगावशी संबंध नाही). सूट-टाय, आधी फुटबॉलवर टीव्हीत बडबडून कमावलेला चेहरा. संसदेत पहिल्या खेपेला १ जागा, २०२२ ला १२, २०२४ ला ५०, २०२५ ला ६०. थेट दुसऱ्या क्रमांकावर. त्याच्या फलकावर काय होतं? ‘हे बांगलादेश नाही’. २००७ च्या फलकावरचं विमान तेवढं काढलं. एर्ग-त मेला तरी चालेल, ओळी तर सगळ्यांच्या तोंडी आहेत.

सह्याद्रीचा_वाघ
म्हणजे लोकांनाच ते पटतंय ना? लोकशाही आहे. नाना, राग मानू नका, पण तुम्ही पाहुणे आहात. घरमालक म्हणाला पुरे, तर पाहुण्याने बॅग भरावी.

लिस्बनकर_नाना
पाहुणा नाही. वडील १९५३ ला गोव्यात जन्मले, म्हणजे पोर्तुगालच्या कायद्याने पोर्तुगीज, आणि त्यांचा मुलगा म्हणून मीही. कागद रीतसर आहेत.

पत्रादेवीचा_नातू
हे वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. माझे आजोबा १५ ऑगस्ट १९५५ च्या गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात होते. गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला पोर्तुगीजांच्या गोळ्या चालल्या तेव्हा त्यांच्या पुढचा माणूस पडला. मरेपर्यंत त्यांनी ते दर पंधरा ऑगस्टला सांगितलं, आणि दर वेळी ‘पुढचा’ म्हणताना हात पुढे करायचे, जणू अजून त्याचा सदरा धरता येईल. गोवा मुक्तिसैनिक मोहन रानडे १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात सडले. आणि तुम्ही त्याच देशाचं कार्ड मिरवता? कागद रीतसर! वा!

लिस्बनकर_नाना
आजोबांना दंडवत, मनापासून. पण मिरवत नाही हो, भांडी घासायला आलो होतो. गावात नोकरी कुणी दिली? खाण बंद, ट्रक विकला, हप्ते चालू. तुम्ही भरणार होता?

मांडवीतीर
माझ्या दोन्ही काकांनी पासपोर्ट घेतला नाही. इथेच राहिले, कुणी मेलं नाही. पासपोर्टवाल्यांनी आमच्या वाड्यातली बारा घरं कुलूप लावून ठेवलीत, डिसेंबरात येऊन फेणी पितात आणि गोवा बिघडला म्हणून आम्हालाच सुनावतात.

तिरकस_पुणेरी
धागा पोर्तुगालच्या उजव्यांवर होता. आठवण करून दिली.

पत्रादेवीचा_नातू
तुम्ही शेंगा खा. हा विषय महत्त्वाचा आहे.

काजूबोंडू
नातूसाहेब, मग चीड त्या वाघावर काढा ना! ज्यांच्या गोटात सालाझारचं नाव अजून आदराने घेतात, त्यांच्याकडून हा शिकायला निघालाय. नाना बिचारा भांडी घासतोय. आणि अंतोनियू कोस्ता, वडिलांकडून गोवेकर, आठ वर्षं तिथला पंतप्रधान होता. तोही पाहुणाच का?

सह्याद्रीचा_वाघ
सालाझारचं मला माहीत नव्हतं. बरं, तेवढं मागे घेतो. खूश? पण भूमिपुत्राचा मुद्दा कायम आहे. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या चाळीच्या जागी टॉवर झाला, वर एकही मराठी पाटी नाही. ते दुःख ज्याचं त्याला कळतं.

लिस्बनकर_नाना
कळतं. इथल्या म्हाताऱ्यांचंही तेच झालंय, घरभाडं परवडेना म्हणून अल्फामा ही जुनी वस्ती सोडून गेले. पण त्यांना काढलं पर्यटकांच्या भाड्याने, माझ्या कोथिंबीरवाल्याने नाही. १९ डिसेंबर २०२४ ला पोलिसांनी त्याच गल्लीत माणसं भिंतीकडे तोंड करून, हात वर करून रांगेत उभी केली. माझा मोबाइल सकाळपासून गोवा मुक्तिदिनाच्या शुभेच्छांनी वाजत होता. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने जुडी बांधताना विचारलं, तू सुटलास का? म्हटलं, मी नव्हतोच. तो म्हणाला, असतास तर तुझ्या तोंडावर गोवा लिहिलंय का?

तिरकस_पुणेरी
...ठीक. ०.१ टक्क्याबद्दलचा माझा विनोद अर्धा परत.

पत्रादेवीचा_नातू
माझा शब्द परत नाही. पण ट्रकचं वाचून वाईट वाटलं.

नवी_सभासद
नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या सासऱ्यांचा जन्म १९५८, डिचोली. जन्मदाखल्यात नाव वेगळं लागलंय. नाना, कागदांबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तर चालेल का?

लिस्बनकर_नाना
करा.

मांडवीतीर
तेरावं घर.