मदत हवी आहे : ज्ञानेश्वरीची जुनी पोथी, पाठभेद कसे तपासायचे?

नमस्कार मंडळी, आम्ही वाईचे, घरात पणजोबांपासून ज्ञानेश्वरीची हस्तलिखित पोथी आहे आणि छापील प्रतीशी ताडून बघितली तर बऱ्याच ओव्यांत शब्द वेगळे दिसतायत. संत एकनाथांनी शके 1506 म्हणजे 1584 साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्याच्या ओव्या शेवटी असतात ना, त्या आमच्या पोथीत नाहीत. पण शेवटचं पान फाटलंय, त्यामुळे तेवढ्यावरून पोथी नाथांच्या आधीच्या परंपरेतली म्हणता येणार नाही.

काका म्हणतात छापील बघून पोथीत दुरुस्त्या करू, मी अजिबात करू देणार नाही!! इतिहास संशोधक वि. का. राजवाड्यांनी 1909 साली छापलेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रतीशी ताडावं का, की आधी कागद आणि अक्षरवळण दाखवावं? सातारा-सांगलीकडं जाणकार कोण आहेत, प्लीज सांगा.