अनुभव धागा: दुसऱ्याचं मन ओळखायला शाळेत कुठे शिकलात?

परवा मुलगी शाळेतून आली ती गप्पगप्पच. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "आज मूल्यशिक्षणाच्या तासाला 'दुसऱ्याचे दुःख जाणावे' हे दहा वेळा लिहायचं होतं. शेजारचा मुलगा रडत होता, त्याचं लिहून होत नव्हतं. मी विचारणार होते त्याला, पण बाईंनी बोलायचं नाही म्हणून सांगितलेलं."

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये. आमच्या शाळेतही फळ्याच्या कोपऱ्यात रोज सुविचार असायचा, पण त्यातला एकही मला आज आठवत नाही. आठवतात ते प्रसंग. तुमचे सांगा. शिक्षक, पालक, आता शिकणारी मुलं, सगळ्यांनीच लिहा. काय करायला हवं हे नको, काय घडलं ते हवं. फसलेलं असेल तरी चालेल.

निवृत्त शिक्षिका

माझं फसलेलंच आधी सांगते. सहावीच्या वर्गात एक मुलगा नवीन आला. बोलताना अडखळायचा. प्रकट वाचनाची पाळी त्याच्यावर आली की मागच्या बाकांवर खुसखुस सुरू व्हायची. मी एकदा संपूर्ण वर्गाला चांगलं फैलावर घेतलं. हसणं थांबलं, पण त्याच्याशी बोलणंही थांबलं. माझ्या ओरडण्याने तो आणखी एकटा पडला, हे कळायला मला दोन आठवडे लागले.

मग प्रशिक्षणात ऐकलेली एक पद्धत आठवली. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात ती सुरू केली. वेगवेगळ्या वंशांची मुलं तिथे नुकतीच एका वर्गात आली होती आणि सारखी भांडत होती. त्याने धड्याचे तुकडे केले. गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा, तो त्याने इतरांना शिकवायचा. एकाचं ऐकलं नाही तर सगळ्यांचाच धडा अपुरा राहतो.

मी जलचक्राचा धडा असा वाटला. बाष्पीभवन त्या मुलाकडे आलं. पहिल्या दिवशी तो 'बा'वरच अडकला. गटातली एक मुलगी, जी खुसखुसण्यात पुढे असायची, तिने लिहायला उचललेली पेन्सिल वहीवर आडवी ठेवली, हाताची घडी घातली आणि त्याच्याकडे बघत थांबली. शब्द पुरवला नाही, मान खाली घातली नाही, नुसती थांबली. तो बोलला. पुढे आठवड्यातून दोन तास मी असेच घेत राहिले. त्याचं अडखळणं वर्षअखेरीलाही गेलं नव्हतं, पण आता तो मधल्या सुट्टीत भांडायचासुद्धा, आणि वर्ग त्याचं वाक्य पुरं व्हायची वाट बघायचा.

एक माजी विद्यार्थी

मी कधी कुणाला मारलं नाही. मी हसणाऱ्यांतला होतो. आठवीत एका मुलाचं दप्तर रोज लपवलं जायचं आणि मी रोज हसायचो. एक दिवस सरांनी आम्हाला एकेकट्याला बोलावलं. वाटलं, आता पालकांना चिठ्ठी जाणार. सरांनी एवढंच विचारलं, "त्याला बरं वाटत नाहीये, हे तुला दिसतंय का?" मी हो म्हणालो. "मग उद्या तू काय करशील?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सर उत्तराची वाट बघत बसून राहिले. शेवटी मी म्हणालो, "दप्तर कुठे ठेवलंय ते त्याला सांगीन." "ठीक, शुक्रवारी मला येऊन भेट."

फिनलंडमध्ये शाळेतला छळ थांबवण्यासाठी तुर्कू विद्यापीठाने तयार केलेला 'किवा' नावाचा कार्यक्रम आहे. त्याचाही भर छळणाऱ्याइतकाच बघ्यांवर असतो, हे पुढे वाचनात आलं. आमच्या सरांनी ते वाचलं असेल असं वाटत नाही. पण शुक्रवारी त्यांनी खरंच विचारलं. आणि त्याच्या पुढच्या शुक्रवारीही.

एक आई

माझा मुलगा श्रवणयंत्र लावतो. आधीच्या शाळेत त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला सगळ्या शाळेसमोर 'दयाळू विद्यार्थिनी' असा बिल्ला दिला. हेतू चांगलाच असणार. घरी आल्यावर त्याने विचारलं, "आई, माझ्याशेजारी बसणं बक्षीस देण्याइतकं अवघड आहे का?" या प्रश्नाला मी आजही उत्तर देऊ शकलेले नाही.

नव्या शाळेत कुणालाच बिल्ला नाही. वर्गशिक्षिकेने पहिल्याच दिवशी त्याला विचारलं, "तुला नीट कळावं म्हणून आम्ही काय करू?" तो म्हणाला, बोलताना माझ्याकडे तोंड करा, आणि एका वेळी एकानेच बोला. तोच आता वर्गाचा नियम झालाय. लाजरी मुलंही त्यामुळे बोलू लागली, असं बाई सांगत होत्या.

शालेय समुपदेशक

ताई, तुमच्या मुलाचा प्रश्न मी आमच्या शिक्षकांच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे, चालेल ना? बिल्ल्याचा तोटा मदत करणाऱ्यालाही होतो. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००८ मध्ये २० महिन्यांच्या बाळांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. मदत केल्यावर ज्यांना वस्तू बक्षीस मिळाली, ती बाळं नंतर इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. आतून येणारी गोष्ट आपण मोबदल्याची करून टाकतो.

माझा अनुभव बाळाचाच आहे. टोरांटोत मेरी गॉर्डन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात एक बाळ आईवडिलांबरोबर वर्षभर अधूनमधून वर्गात येतं आणि त्याला काय वाटत असेल हे मुलं ओळखतात. त्यावरून सुचून मी एका सहकारी शिक्षिकेच्या पाच महिन्यांच्या मुलीला चौथीच्या वर्गात आणलं. बाळ रडायला लागलं. भूक लागली, खुळखुळा हवा, आई हवी, सगळ्यांनी सांगून पाहिलं. एक मुलगी हळूच म्हणाली, "तिला काहीच नको असेल. आपण सगळे एकदम बघतोय ना, म्हणून दमली असेल." आम्ही मागे सरकलो आणि बाळ शांत झालं. चार दिवसांनी वर्गातली एक मुलगी सगळ्यांवर चिडचिड करत होती, तेव्हा हीच म्हणाली, "तिच्याभोवती गोळा होऊ नका, ती दमलीय." असे सहा महिने केले तेव्हा कुठे हा फरक टिकला. एका भेटीत काही होत नाही.

पाचवीचा वर्गशिक्षक

वाचून भरून आलं, पण वर्गात पन्नास मुलं आणि डोक्यावर अभ्यासक्रम असताना हे कधी करायचं? हा प्रश्न मीही विचारायचो. मग जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांचा २०११ चा आढावा वाचला. २१३ कार्यक्रम, २,७०,०३४ विद्यार्थी. भावना ओळखणं, सांभाळणं, एकमेकांशी वागणं हे ज्यांना शिकवलं, त्यांची अभ्यासातली कामगिरीही सरासरीने ११ शतमकांनी, म्हणजे शंभर जणांच्या क्रमवारीत ११ जागांनी, वर होती. म्हणजे वेळ वाया जात नाही. मी शनिवारी वीस मिनिटं गोल बसवतो. ज्याच्या हातात डस्टर तो बोलणार, बाकीचे ऐकणार. पहिले दोन महिने फक्त तक्रारी आल्या. येऊ दिल्या.

नाव न देता

जपानमधली मुलं आपला वर्ग स्वतः झाडतात, याचं कौतुक सगळे करतात. आमच्या शाळेत झाडू शिक्षा म्हणून हातात यायचा. शाळा झाडणाऱ्या मावशींच्या मुलीला ते बघून काय वाटायचं, ते मला माहीत आहे. ती मुलगी मीच.

धागाकर्ती

सगळं वाचलं, काही दोनदा. काल रात्री मुलीला विचारलं, त्या दिवशी रडणाऱ्या मुलाचं नाव काय? तिने लगेच सांगितलं. एवढा मोठा धागा काढला, पण त्याचं नाव मी तोवर विचारलंच नव्हतं. आज त्याच्या वर्गशिक्षिकेला भेटायला जातेय.